डिस्क एन्क्रिप्शन: बिटलॉकर आणि व्हेराक्रिप्ट, सोलापुरातल्या एका ऑफिसात वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नाही. ज्या लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाचे कागद आहेत त्याची डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी, केलीच पाहिजे. विंडोजवर त्यासाठी विंडोजचंच बिटलॉकर पुरेसं आहे, पण दुकानातून ते ज्या अवस्थेत येतं त्या अवस्थेत अजिबात नाही. गावाबाहेर पाठवायच्या ड्राइव्हसाठी मी व्हेराक्रिप्ट हा एन्क्रिप्शनचा वेगळा प्रोग्रॅम वापरते. आणि रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर डिस्क उघडणारी आकड्यांची किल्ली, कागदावर छापून हातात आल्याशिवाय यातलं काहीही सुरू ठेवू नका. एन्क्रिप्शनबद्दल माझी तक्रार फारशी नाही. जी आहे ती सगळी त्या कीभोवती आहे.

मी कर सल्लागार. ऑफिस साखर पेठेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल आणि चादरीचे कारखानदार, अशोक चौकाकडचे सूत व्यापारी, मार्केट यार्डातले कांद्याचे अडते असे लोक माझ्याकडे येतात. जीएसटी, इन्कम टॅक्स, ऑडिटच्या आधीची जुळवाजुळव आणि काही विडी कारखान्यांचं पीएफचं काम. हे शेवटचं मुद्दाम सांगते. कारखानदाराचा ताळेबंद बाहेर गेला तर त्याच्याकडे वकील आहे, बँकेत ओळख आहे. पण पीएफच्या कामासाठी माझ्या डिस्कवर विड्या वळणाऱ्या बायकांचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, मोबाईल नंबर, वारसाचं नाव असं सगळं असतं. त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी कामापुरतं येतं, इंग्रजी येत नाही. त्यांच्या खात्याला कुणी हात घातला तर बँकेत खेटे घालायला त्यांना दिवसाची मजुरी सोडावी लागणार. या बायकांनी मला काही विचारून कागद दिलेले नाहीत, कारखान्याने दिले. म्हणून ते सांभाळण्याची जबाबदारी मी माझी मानते, आणि डिस्क एन्क्रिप्शनकडे मी त्याच नजरेने बघते.

विंडोजला पासवर्ड आहे म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या क्लायंटांना हे पटवायला मी एकदा ऑफिसातल्या एका जुन्या, एन्क्रिप्ट न केलेल्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे सगळा डेटा साठवणारी डिस्क, असते, एका बारीक स्क्रूवर बसलेली. ती काढली, नवी पेठेतून आणलेल्या यूएसबीच्या केसमध्ये घातली, दुसऱ्या लॅपटॉपला लावली. 'परवानगी नाही, कंटिन्यू करायचं का' असं विचारणारी एक चौकट आली, कंटिन्यू दाबलं, आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा, सगळं समोर. लॅपटॉपचा पासवर्ड कुणी विचारलासुद्धा नाही. पासवर्ड विंडोजच्या दारावर असतो, आणि डिस्क काढून नेली की ते दारच वाटेत येत नाही. मग तीच गोष्ट बिटलॉकर लावलेल्या लॅपटॉपच्या एसएसडीची करून दाखवली. ड्राइव्हच्या चित्रावर पिवळं कुलूप, आणि क्लिक केलं की ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागणारी खिडकी. त्यापुढे काहीच नाही. टॉवेलच्या कारखान्याचे एक शेठ बराच वेळ त्या खिडकीकडे बघत बसले, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातले सगळे लॅपटॉप गाडीत घालून घेऊन आले.

हे कुलूप किती पक्कं आहे, तर भलतंच पक्कं आहे. आत एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत आहे. दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केलेली ती अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि आज बँकांपासून सरकारांपर्यंत सगळे तीच वापरतात. बिटलॉकर स्वतः २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून आहे, आणि विंडोज १० च्या नोव्हेंबर २०१५ च्या आवृत्तीपासून त्यात एक्सटीएस-एईएस हा एईएसचा डिस्कसाठीचा प्रकार आहे, सहसा १२८ बिटचा. 'पुण्यात कुणीतरी तोडून देतो' असं जे ऐकायला मिळतं, ते विसरा. की नसेल तर डेटा गेला. चोराचाही आणि तुमचाही.

याचा उपयोग कसा होतो तेही सांगते. मध्यंतरी माझी सहायक ऑडिटच्या कामासाठी मुंबईला निघाली होती, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने. पहाटे उठून बघते तर उशाशी ठेवलेली लॅपटॉपची बॅग नाही. पोर घाबरून रडत होती. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, लॅपटॉप बंद केला होतास की नुसता मिटला होतास? तिने बंद केला होता. त्यावर बिटलॉकर होतं, चालू करतानाच मागितला जाणारा पिन होता, डेटाची प्रत ऑफिसात होती. रेल्वे पोलिसांत तक्रार दिली, नवा लॅपटॉप घ्यावा लागला, पैशाचं नुकसान झालंच. पण एकाही क्लायंटला फोन करून 'तुमचे कागद बाहेर गेले असतील' असं सांगायची वेळ आली नाही. ज्यांनी असे फोन केलेत त्यांनाच या गोष्टीची किंमत कळेल.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त सांगायची आहे, कारण सोलापुरात सध्या याच बाजूने लोक अडकताहेत.

विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. ती असलेला नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. होम आवृत्तीवरसुद्धा. तिथे त्याला बिटलॉकर न म्हणता 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात, आतलं इंजिन तेच. हे पूर्वीही काही मशीनवर व्हायचं, पण २४एच२ ने अटी सैल केल्या आणि आता बहुतेक नव्या लॅपटॉपवर होतं. रिकव्हरी की कुठे जाते? ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला, त्या अकाउंटमध्ये. कागदावर नाही, फोनवर नाही. मालकाला ठळक अक्षरांत कुणी सांगतही नाही की तुझ्या डिस्कला कुलूप लागलंय.

आणि आपल्याकडे लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कोण करतं? दुकानातला पोरगा. गिऱ्हाईक म्हणतं, 'सगळं टाकून द्या की ओ, ऑफिस, टॅली, अँटीव्हायरस, मी संध्याकाळी येतो.' विंडोज होम इंटरनेट आणि अकाउंट मागितल्याशिवाय पुढे सरकत नाही. पोरगा जागेवरच एक ईमेल तयार करतो, नाहीतर दुकानाचं नेहमीचं अकाउंट टाकतो. संध्याकाळी लॅपटॉप चालू स्थितीत हातात. दोघेही खूश.

माझे एक क्लायंट, सुताचे व्यापारी, वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा लॅपटॉप असाच घेतलेला. उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, व्होल्टेज वर गेलं आणि मदरबोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत बोर्ड बदलून दिला. एसएसडी शाबूत होती, सगळे निश्चिंत. घरी आणून चालू केला तर निळी स्क्रीन आणि रिकव्हरी कीची मागणी. अण्णांचा मला फोन, 'मॅडम, लॅपटॉप उघडंना झालाय की ओ. अठ्ठेचाळीस आकडे मागायलाय. मी कधी दिलेच नाहीत त्याला आकडे.'

अण्णा बरोबर बोलत होते. त्यांनी कधीच काही दिलं नव्हतं. डिस्क उघडणारी किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या भरवशावर असते. बोर्ड बदलला, चिप बदलली, म्हणजे डिस्कच्या दृष्टीने ती कुणा परक्या मशीनमध्ये जाऊन बसली. मग ती रिकव्हरी की मागणारच. नव्या आवृत्तीत त्या स्क्रीनवर की ज्या अकाउंटमध्ये आहे त्या ईमेलची थोडी अक्षरं दिसतात. अण्णांच्या स्क्रीनवर जी अक्षरं होती ती त्यांच्या नावाची नव्हती, मुलाच्या नावाचीही नव्हती. दुकानात विचारलं. ज्या पोराने लॅपटॉप सेट केला होता तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. त्याला फोन लावला, बिचाऱ्याने मदत करायचा मनापासून प्रयत्न केला. ईमेल त्याला अंदाजाने आठवला, पासवर्ड नाही. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या जुन्या सिमवर जाणार, आणि ते सिम बंद होऊन दुसऱ्या कुणाला गेलेलं. तिथे रस्ता संपला.

टॅलीचा एक जुना बॅकअप पेन ड्राइव्हवर सापडला. त्यानंतरच्या महिन्यांची बिलं आम्ही फायलीतून काढून पुन्हा नोंदवली, जीएसटी पोर्टलवरून मिळाली तेवढी माहिती उतरवून घेतली. नातीच्या बारशाचे फोटो मात्र त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेही नाहीत. ते गेले. चोर नाही, व्हायरस नाही, डिस्क धडधाकट, आणि घरच्या माणसाचा डेटा घरच्या माणसाला बंद. याला मी सुरक्षा म्हणत नाही. माणसाला न सांगता कुलूप लावायचं आणि किल्ली भलत्याच्या खिशात टाकायची, हा या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष आहे. तो दुकानाचा आहे, कंपनीचाही आहे.

म्हणून आज हे वाचताय तर लगेच करा. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. प्रो आवृत्ती असेल तर स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर रिकव्हरी कीची प्रत काढायचा पर्याय तिथेच किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये मिळतो. तिथे नाही मिळाला तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर आपल्या डिव्हाइसच्या नावाखाली की दिसते. लॅपटॉप कुण्या परक्या अकाउंटने चालू आहे असं आढळलं, तर तो चालू आहे तोवरच सगळं हातात आहे. डेटाची प्रत काढा, एन्क्रिप्शन बंद करा, डिस्क पूर्ण मोकळी होऊ द्या, स्वतःचं अकाउंट लावा, पुन्हा चालू करा. नवी की मिळेल, ती छापा.

त्या ४८ आकड्यांची रचना फार विचारपूर्वक केली आहे, त्याचं कौतुक करायलाच हवं. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो, आणि एकही गट ७२०८८५ च्या वर जात नाही. त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर तो गट तिथल्या तिथे नाकारला जातो, सगळी की पुन्हा घालायला लागत नाही. फोनवर आकडे सांगताना तर हे फारच उपयोगी पडतं. मी प्रत्येक मशीनची की छापते, वर मशीनचा सिरियल नंबर आणि 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं लिहिते, एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत, दुसरी घरी. क्लायंटच्या मशीनची की क्लायंटला पाकिटात. ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायची नाही, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगते, कारण पहिली जागा सगळ्यांना तीच सुचते.

बोर्ड बदलला तरच की लागते असंही नाही. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम, अपडेट झाला, त्यातली सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग हलवली, तरी लागू शकते. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही मशीन काही कारण नसताना रिकव्हरी स्क्रीनवर गेली होती, आणि मायक्रोसॉफ्टने नंतर ती चूक दुरुस्त केली. त्याच महिन्यात १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. त्यातल्या बिटलॉकर असलेल्या कित्येक मशीनसमोर बसून माणसांना एकेक की टाइप करावी लागली. बायोस अपडेट करण्याआधी 'सस्पेंड प्रोटेक्शन' दाबून बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं, एवढी सवय लावून घेतली तर निम्मा त्रास वाचतो.

आता बिटलॉकर दुकानातून येतं त्या अवस्थेत का पुरत नाही ते. नेहमीच्या मांडणीत लॅपटॉप चालू केला की टीपीएम चिप स्वतःच किल्ली देऊन टाकते आणि विंडोजच्या लॉगिनपर्यंत मशीन आपोआप येतं. म्हणजे चोराच्या हातात पूर्ण लॅपटॉप असेल तर पॉवर बटण दाबताच डिस्क उघडते, आणि मध्ये उरतो फक्त विंडोजचा पासवर्ड. ज्या लॅपटॉपवर टीपीएम ही वेगळी चिप आहे, तिथे ती किल्ली चिपमधून प्रोसेसरकडे जाताना तारेवर वाचता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको हा अगदी स्वस्त बोर्ड वापरून एका जुन्या लेनोवो थिंकपॅडमधून ती ४३ सेकंदांत काढून दाखवली. टीपीएम प्रोसेसरच्या आतच असेल तर ही युक्ती चालत नाही, पण 'बिटपिक्सी' नावाची दुसरी त्रुटी होती. त्यात लॅपटॉप उघडायचीही गरज नव्हती, आणि ती कशी चालते हे डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या परिषदेत सगळ्यांसमोर दाखवलं गेलं.

रेल्वेतला भुरटा चोर हे करणार नाही. तो लॅपटॉप विकून मोकळा होतो. पण तो ज्याला विकतो तो कोण असेल हे मला ठाऊक नसतं, म्हणून ऑफिसातल्या सगळ्या लॅपटॉपवर मी स्टार्टअप पिन लावला आहे. मशीन चालू होताना, विंडोज दिसायच्याही आधी, पिन मागते. तो दिल्याशिवाय चिप किल्ली सोडतच नाही, आणि चुकीचे पिन फार वेळा दिले तर चिप काही काळ ऐकायचंच बंद करते. वर सांगितलेल्या दोन्ही युक्त्या पिनपुढे अडतात. हा पर्याय फक्त प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत आहे, आणि तिथेही ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन आधी परवानगी द्यावी लागते. इतकी गरजेची गोष्ट इतकी खोल का पुरून ठेवली आहे, हे मला पटत नाही. होमवाल्यांना तर ती मिळतच नाही.

पिनचेही त्रास आहेत. ऑफिसातला डेस्कटॉप रात्री अपडेट होऊन रिस्टार्ट झाला की पिनच्या स्क्रीनवर थांबून राहतो, सकाळी घरून एनीडेस्कने, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या प्रोग्रॅमने, जोडायला जावं तर मशीन मेल्यासारखं. पिन मशीनचा असतो, माणसाचा नसतो, त्यामुळे एकाच मशीनवर दोघी काम करत असतील तर दोघींना तो माहीत असतो, आणि एखादी काम सोडून गेली की बदलावा लागतो. मी या कटकटी सोसते. डेस्कटॉप जाग्यावर राहतो, त्याला पिन न लावता ऑफिसचं कुलूप पक्कं ठेवलं तरी चालेल असं काहींचं मत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच रस्त्यावरच्या एका ऑफिसातून रात्री सीपीयू उचलून नेले गेले, त्यानंतर मला ते मत मान्य नाही.

झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायची सवय मोडणं मला सगळ्यात जड गेलं, माझी नाही, सहायकांची. मिटलेला लॅपटॉप झोपलेला असतो, किल्ली मेमरीत जागीच असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं होतं की वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो, आणि चिप गार केली तर मिनिटंच्या मिनिटं. त्यांनी धूळ उडवायचा स्प्रे उलटा धरून मेमरी गोठवली आणि किल्ल्या वाचल्या. मी आता पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटलं की हायबरनेट, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद, अशी व्यवस्था केली आहे. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि आल्यावर पिन पुन्हा मागतो. तेच हवंय.

वेगाबद्दल फार विचारलं जातं म्हणून थोडक्यात. २०१० नंतरच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय आहे. टॅली, एक्सेल, ब्राउझर यांत मला काडीचा फरक जाणवला नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी फार वेगवान एसएसडीवर स्वतः तपासून बघावं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पहिलं एन्क्रिप्शन रात्रभर चालतं. मध्येच वीज गेली तर बिटलॉकर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं, त्याची भीती नको. काही एसएसडीत कंपनीचंच एन्क्रिप्शन असतं, त्यावर विसंबू नका. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी नावाजलेल्या कंपन्यांच्या एसएसडींमध्ये ते पासवर्डशिवाय उघडून दाखवलं, आणि बिटलॉकर तोवर अशा डिस्कवर आंधळा विश्वास टाकत होतं. २०१९ पासून ते स्वतःचं एन्क्रिप्शन वापरतं.

आता व्हेराक्रिप्ट. हे फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. मूळचं ट्रूक्रिप्ट मे २०१४ मध्ये त्याच्या अनामिक निर्मात्यांनी एकाएकी बंद केलं. त्याच कोडवरून २०१३ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेलं व्हेराक्रिप्ट टिकलं. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या संस्थेने त्याची तपासणी केली, गंभीर त्रुटी सापडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच लगेच दुरुस्त झाल्या. त्रुटी सापडल्या म्हणून माझा विश्वास उलट वाढला, कारण कुणीतरी परक्याने आत डोकावून बघितलं आणि जे दिसलं ते जाहीर केलं.

मी ते कंटेनरच्या रूपात वापरते. म्हणजे एक मोठी फाइल, पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. पुण्याच्या ऑडिटरकडे ड्राइव्ह कुरियरने जातो, पासवर्ड फोनवर सांगते. त्यांच्याकडे मॅक आहे, तिथेही तीच फाइल उघडते, जे बिटलॉकरच्या ड्राइव्हचं होत नाही. पासवर्ड दिल्यावर उघडायला थोडे सेकंद लागतात, कारण तो पासवर्ड आत पाच लाख वेळा घुसळला जातो, म्हणजे अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्यालाही प्रत्येक प्रयत्नाला तेवढाच वेळ मोजावा लागतो.

पूर्ण ड्राइव्ह मात्र व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट करू नका, निदान ज्या घरात किंवा ऑफिसात इतर माणसं आहेत तिथे नको. असा ड्राइव्ह साध्या विंडोजला लावला की तो कोरा वाटतो, आणि विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करायचा का?' एका क्लायंटच्या मुलाने हो म्हटलं. व्हेराक्रिप्ट आपलं हेडर, म्हणजे ड्राइव्ह उघडायला लागणारी किल्लीची माहिती, ड्राइव्हच्या सुरुवातीला ठेवतं आणि त्याची एक प्रत शेवटाला ठेवतं. सुरुवातीचं फॉरमॅटने पुसलं गेलं होतं, शेवटचं सापडलं. त्यावरून आम्ही बऱ्याचशा फाइली बाहेर काढल्या, काही खराब झाल्या. हेडरच्या दोन्ही प्रती गेल्या असत्या तर पासवर्ड पाठ असूनही हाती काही लागलं नसतं. हेडरचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यायची सोय प्रोग्रॅममध्ये आहे, ती वापरा. लिनक्सवरच्या लक्स या डिस्क एन्क्रिप्शनचंही असंच, हेडरची प्रत बाहेर काढून ठेवावी लागते. लिनक्स बसवताना एक चौकट टिक केली की ते लागू होतं, आणि माझ्या भावाच्या लॅपटॉपवर ते विनातक्रार चाललंय. त्यापलीकडे माझा त्याचा अनुभव नाही.

ज्या गोष्टीपासून यातलं काहीच वाचवत नाही तीही ऐका. लॅपटॉप चालू आहे, तुम्ही काम करताय, तेव्हा डिस्क उघडीच असते. खोटी जीएसटी नोटीस म्हणून आलेली फाइल उघडली आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला, तर बिटलॉकर त्याला अडवत नाही. एन्क्रिप्टेड डिस्कवरून फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली, साध्या पेन ड्राइव्हवर घेतली, की ती उघडी झाली. आमच्या धंद्यात आधारची प्रत जितकी व्हॉट्सॲपवरून फिरते तितकी कशावरूनच फिरत नाही. पीएफच्या कागदांसाठी मी आता कारखान्याच्या मुनीमजींना बिटलॉकर लावलेला पेन ड्राइव्ह दिला आहे, ते स्वतः तो घेऊन येतात. आणि डिस्क बिघडली तर एन्क्रिप्टेड डिस्कमधून डेटा काढणं साध्या डिस्कपेक्षा अवघड, त्यामुळे बॅकअप दुप्पट गरजेचा. बॅकअपची डिस्कही एन्क्रिप्टेडच हवी, नाहीतर चोर तीच उचलेल.

कायद्याचं विचारणाऱ्या व्यावसायिकांसाठी: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माझ्याएवढ्या ऑफिसला कुणी तेवढा दंड लावणार नाही, पण जबाबदारी आपली आहे हे कायद्याने लिहून ठेवलंय. उलट बाजूने, सक्षम अधिकाऱ्याने आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली डेटा उघडून द्यायला सांगितलं तर नकार देता येत नाही, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असेल तर कायदेशीर आदेशाने ती कंपनीकडूनही मिळू शकते. माझ्या क्लायंटांना याची धास्ती नाही. ज्यांना आहे त्यांनी की फक्त कागदावर ठेवावी आणि ऑनलाइनची प्रत काढून टाकावी.

एक फायदा मला नंतर कळला. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ऑफिसातली जुनी मशीन काढावी लागली. जी पहिल्यापासून एन्क्रिप्टेड होती ती सगळं पुसायच्या पर्यायाने रिसेट केली आणि बिनघोर विकली, कारण किल्ली नष्ट झाली की जुना डेटा असून नसल्यासारखा. जी एन्क्रिप्टेड नव्हती त्यांच्या हार्ड डिस्क मी विकल्या नाहीत. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन माझ्यासमोर ड्रिलने आरपार भोकं पाडून घेतली आणि मग भंगारात दिल्या.